धुक्यातली उतरण

वडिलांचं शेवटचं चित्र सूयूननं छ्यूकाकांच्या लाल टेबलावर उलगडलं आणि हात चटकन मागे घेतला.

"चावतंय का ते?" छ्यूकाका म्हणाले. चीनमधल्या हुइचौच्या त्या गल्लीत चाळीस वर्षं ते चित्रांना पाठीमागून कागद लावून मढवत होते. वडिलांची सगळी चित्रं त्यांच्याच हाताखालून गेलेली.

डोंगर, पूल, पुलावर काठी टेकत चाललेला नखाएवढा माणूस. पलीकडे कडा, रिकामी झोपडी आणि मग नुसतं धुकं, म्हणजे कोरा कागद. प्रत्येक चित्रात वडील चढणीची वाट काढत, तशी उतरणीचीही काढत. इथे उतरण नव्हती. चित्र संपवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते डोंगरावर गेले आणि कड्याखाली सापडले. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. सूयूनही तेच म्हणाली. पण चित्र तिनं दोन महिने उघडलं नव्हतं.

"काका, त्यांना परत यायचंच नव्हतं का?"

"मला काय विचारतेस? मी खळ लावणारा माणूस."

त्यांनी चित्र पालथं घातलं आणि पाठीवरून ओला ब्रश फिरवला. कागद पारदर्शक झाला, शाई गडद होऊन वर आली. कोऱ्या धुक्यातही एक रेघ उमटू लागली. रेघ कड्याच्या टोकाशी गेली. तिनं डोळे मिटले.

"अगं, बघ तरी!"

टोकावरून रेघ वळली होती. नागमोडी खाली उतरत एका दाराशी आली होती. दारात तेंदूचं झाड. सूयूनच्या घराचंच दार.

"कंजूष लेकाचा! शाईत एवढं पाणी घातलं तर वाळल्यावर दिसणार काय, कपाळ?"

"मुद्दाम पुसट काढली असेल? काढतानाच नको वाटत होती म्हणून?"

खळ लावून, मागचा कागद चिकटवून छ्यूकाकांनी चित्र सुलटं करून भिंतीवरच्या फळीवर ताणलं.

कडेकडून कागद वाळू लागला. आधी तेंदूचं झाड गेलं, मग दार.

"पुन्हा ओलं करा ना, काका."

"फाटेल, पोरी."

रेघ खालून वर विरत चालली. सूयूननं कागदाला न लावता बोट कड्याच्या त्या वळणावर धरलं आणि रेघ पूर्ण जाईपर्यंत काढलं नाही.