बाहुलीला गेलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. आता तुम्ही म्हणाल, शिडी आहे कुठे? कळमनुरीत सोनाजी मिस्त्रीच्या घराबाहेर एक जिना आहे. त्याला कठडा म्हणून दोन बांबू लावले आहेत, तीच मी. पायऱ्या गेल्या, पण स्वभाव मात्र शिडीचाच राहिला.

सोनाजीनं मला आठवडी बाजारातून आणलं. बांबू निवडायला त्यानं अख्खी दुपार घालवली. प्रत्येक बांबू ठोकून पाहायचा, कान लावायचा, बाजूला ठेवायचा. शेवटी विकणारा वैतागला. "मिस्त्री, बांबू घेऊन राहिले का सून पाहून राहिले?" सोनाजी नुसता हसला. घरी येऊन त्यानं अकरा पायऱ्या ठोकल्या, तारेनं आवळल्या, आणि माझं रूप तयार झालं.

त्यानंतर बारा वर्षं मी कामावर होते. सोनाजी वर विटा रचायचा आणि त्याची बायको जनकाबाई डोक्यावर घमेलं घेऊन माझ्यावरून चढायची. कामावर ती त्याला 'मिस्त्री' म्हणायची, तो तिला 'बाई'. घरातलं घरात, असा दोघांचा नेम होता. मला त्याचं फार हसू यायचं.

सोनाजीची एक खोड होती. रोज सकाळी तो माझं बूड जमिनीत रोवायचा, एकेक पायरी पायानं दाबून बघायचा आणि वर जाऊन माझं डोकं सळईला दोरीनं बांधायचा. बाकीचे मजूर चिडवायचे, "मिस्त्री शिडीची पूजा करून राहिला." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मला मात्र तो रोजचा लाड वाटायचा.

मग सूर्यकांतरावांच्या घराच्या स्लॅबचा दिवस आला. हे कचेरीत कारकून होते, मनानं फार चांगले. सकाळीच सगळ्यांना चहा पाजला, नारळ फोडला. तेवढ्यात त्यांना आठवण झाली, की घराला नजर लागू नये म्हणून आणलेली काळी बाहुली टांगायची राहिली. बाहुली होती, दोरी नव्हती. सोनाजी स्लॅबच्या पलीकडच्या टोकाला सेंट्रिंगच्या फळ्या तपासत होता. सूर्यकांतराव वर आले आणि माझ्या डोक्याची दोरी त्यांना दिसली. शिडी तर भिंतीला टेकलेलीच आहे, असं म्हणत त्यांनी गाठ सोडली. दुसऱ्या बाजूच्या सळईला बाहुली झकास टांगली. मला बोलता आलं असतं तर त्यांना तिथंच थांबवलं असतं.

खाली जनकाबाईनं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं. दोन्ही हात घमेल्याला. एक पायरी, दोन पायऱ्या. खालची माती पाण्यानं भिजली होती. ती सातव्या पायरीवर आली आणि माझं डोकं वीतभर सरकलं. मी जिवाच्या आकांतानं कुरकुरले.

बारा वर्षांत सोनाजीला माझा प्रत्येक आवाज पाठ झाला होता. हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो धावत आला, स्लॅबच्या कडेला पालथा पडला आणि दोन्ही हातांनी माझं डोकं पकडलं.

"जनके, घमेलं टाक."

"अवो, माल वाया जाईल की."

"जाऊ दे माल. दोन्ही हातानं शिडी धर आन हळू खाली उतर."

सगळ्यांसमोर त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. तिनं घमेलं टाकलं. तिचे तळवे माझ्यावर घट्ट बसले, घामानं ओले. एकेक पायरी करत ती जमिनीला टेकली, तोवर सोनाजीनं श्वाससुद्धा सोडला नसेल.

तो उठला, तेव्हा त्याचे हात सोलले होते. पण आवाज चढला नाही. "साहेब, दोरी काहून सोडली?"

"बाहुलीला पाहिजे होती," सूर्यकांतराव पुटपुटले. "घराला नजर लागू नये म्हणून."

"घराची काळजी केली तुमी. घर बांधणारीला तेवढं मोकळं सोडलं."

सूर्यकांतरावांनी स्वतः बाहुली उतरवली, दोरी आणून सोनाजीच्या हातात दिली आणि संध्याकाळपर्यंत इस्त्रीच्या पँटीत माझ्या बुडाशी पाय रोवून उभे राहिले. सोनाजीनं लगेच कप्पी बसवून घेतली. तेव्हापासून माल कप्पीनं वर जाऊ लागला आणि माझ्यावरून मोकळ्या हातांची माणसं चढू लागली.

पुढं माझ्या पायऱ्या किडल्या. मी घरामागं पडून राहिले. शेजारचा नेमसिंग म्हणाला, "शिडी द्या की, दोन दिवसांचं काम हाय." किडक्या पायरीवर कुणी चढायला नको म्हणून सोनाजीनं करवत आणली आणि माझ्या अकराच्या अकरा पायऱ्या कापून टाकल्या. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आता चुलीत जाणार.

पण त्याच्या घराला नुकताच गच्चीवर जाणारा जिना झाला होता आणि त्याची एक बाजू उघडी होती. माझे उभे बांबू अजून शाबूत होते. त्यानं ते तासले, घोटले आणि त्या उघड्या बाजूला पक्के बसवले.

मित्रांनो, कुठंही शिडी दिसली तर चढण्याआधी वर बघा, तिचं डोकं बांधलेलं आहे का. तिची दोरी दुसऱ्या कुठल्याही कामाला नेऊ नका. ती दोरी कुणाच्या तरी माणसाला सांभाळत असते.

रोज सकाळी जनकाबाई मिरच्या वाळत घालायला गच्चीवर निघते. सोनाजी अंगणातून विचारतो, "जनके, धरलं का?"

तिचा तळवा माझ्यावर टेकतो. आता तो कोरडा असतो.

"धरलं, मिस्त्री."