एक नंबर लहान

“या वेळी एक नंबर लहान द्या, मामा,” ताई म्हणाल्या. “बोटं चेमटली पाहिजेत.”

मामांच्या हातातली मापाची पट्टी हातातच राहिली. त्यांचं उभं आयुष्य लोकांच्या पायाशी, बुटांच्या दुकानातल्या बुटक्या स्टुलावर गेलेलं. माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहायचं नाही, पण एकदा मोजलेलं पाऊल विसरतील तर शपथ! डोंगरातल्या शर्यतीची हौस असलेले सगळे त्यांच्याकडेच येत आणि एकच प्रवचन ऐकून जात: जोड अर्धा नंबर मोठा घ्या, उतारावर पाय सुजतो. पाण्याच्या पाठपिशवीतली हवा नळीनं चोखून काढा, नाहीतर पाणी पाठीवर डुचमळत राहतं आणि मागून कुणीतरी पळत येतंय असं वाटून अर्धा जीव तिथंच जातो. या विनोदाला मामा स्वतःच आधी हसत.

ताईंसमोर ते हसत नसत. ताई पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा हे मामांचं लाडकं गिऱ्हाईक. एका शर्यतीत धुकं उतरलं, बाकी सगळे खाली आले, तो आला नाही. लोकांनी डोंगर पालथा घातला, पण हाती काही लागलं नाही. पुढच्या शर्यतीआधी ताई दुकानात आल्या आणि त्याच्या मापाचा जोड आणि पाण्याची पिशवी मागितली. वाट जिथं झाडीत शिरते तिथं ठेवणार म्हणाल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून मामांनी काही न विचारता बांधून दिलं.

वर्षानं तोच जोड, पिशवीसकट, त्याच जागी येऊन बसलेला ताईंना सापडला. झिजलेला. कुणा भटक्यानं वापरला असेल असं मामा म्हणाले खरे, पण त्यांनी बूट उलटा केला आणि त्यांची पाचावर धारण बसली. उजव्या अंगठ्याखाली तळ खरवडून गेला होता. चढावर उजवं पाऊल ओढायची त्या पोराची खोड मामांनीच त्याला कितीदा सांगितली होती. पिशवीच्या नळीचं रबरी तोंडही त्याच्याच सवयीनं डाव्या दाढेखाली चघळलेलं. चोराला बूट चोरता येतात, चाल कशी चोरता येईल? तेव्हापासून दर वर्षी ताई जुना जोड घेऊन येत आणि नवा नेत. दोघंही त्यावर बोलत नसत.

आजचा जुना जोड तर पार आतल्या कापडापर्यंत झिजला होता. बाहेर कितीतरी दिवस कोरडं ऊन होतं, आणि तळाचा चिखल ओला होता.

“बघा ना, तो थांबतच नाही हो,” ताई म्हणाल्या. “मी आपली दर वर्षी चांगले बूट देते, पाणी देते. मीच पळवतेय त्याला.”

“ताई, तंग जोड मी आजवर कुणाला दिला नाही.”

“मी तरी कुणाला तंग कपडा शिवलाय का? पण पायाला टोचलं तर बसेल कुठंतरी. बसला की घर आठवेल.”

“आणि पाण्याची पिशवी?”

“नको. तहान लागू दे त्याला,” ताई म्हणाल्या.

मामांच्या अगदी जिवावर आलं होतं, तरी त्यांनी लहान जोड बांधून दिला.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुकान उघडलं. कुलूप शाबूत होतं. आत फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती, ओली, दारापासून थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीपर्यंत. खुर्चीपुढे तो लहान जोड नीट शेजारी शेजारी ठेवलेला. नाड्या आत खोचलेल्या. बदलून मागायला आलेलं गिऱ्हाईक ठेवतं तसा.

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी सवय कुठं जाते? माप चुकलं तर बदलून द्यायचं, ही दुकानाची रीत. हात आपसूक फळीकडे गेला आणि बरोबर नंबरचं खोकं घेऊन आला. मागं खुर्ची करकरली. खोकं उघडायचा अवकाश, पोरगं खूश होऊन जाणार आणि आणखी वर्षभर पळत राहणार. मामा घाबरले होते, पण त्याहून त्यांना त्याची दया आली. दमला असेल किती!

त्यांनी खोकं परत फळीवर ठेवलं.

“तुझ्या मापाचा जोड संपला रे बाळा,” ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते पहिल्यांदाच खोटं बोलत होते. “आता यायचाही नाही. घरी जा.”

खुर्ची पुन्हा करकरली. मग खुर्चीपासून दाराकडे एकेक ओलं पाऊल उमटत गेलं, उजवा अंगठा ओढत. मामा मागोमाग दारापर्यंत गेले. डावीकडे डोंगराचा रस्ता होता. पावलं उंबऱ्याशी थबकली आणि उजवीकडे, ताईंच्या गल्लीच्या दिशेनं वळली.

मामांनी फोन लावला. “ताई, दार उघडा. येतोय.”

“पायात काय आहे?” ताईंनी विचारलं.

“काही नाही. अनवाणी आहे.”

“मग सोलले असतील हो पाय,” ताई म्हणाल्या. फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. पातेल्यात पाणी ओतल्याचा आणि मग गॅस पेटवल्याचा आवाज मामांनी ऐकला.