पहाटेच्या देवीचा हात

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी एका पाहुण्याने तिला चित्रासमोरून बाजूला केलं. अगदी सभ्यपणे. ती चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यातून चालली होती आणि तो गृहस्थ मान वाकडी करून म्हणाला, "बाई, जरा सरकता का? राणीसाहेब दिसत नाहीत."

"सरकते की," आई म्हणाली आणि सरकली.

स्वयंपाकघरात येऊन तिने ट्रे ठेवला आणि ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "ऐकलंस का गं? मी माझ्याच आड आले."

मला हसू आलं नाही. "तू सांगायचंस त्याला."

"काय सांगू? मुंडकं त्यांचं, बाकी सगळं माझं? तोवर चहा गार झाला असता त्याचा." मग तिने मला वरच्या फळीवरची साखरेची बरणी काढायला लावली. दिवस नेहमीसारखाच होता.

हॉटेल मामाचं. गावापासून लांब, एका वळणावर एकटंच उभं. बाबा वारले तेव्हा आई मला कडेवर घेऊन चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली होती. त्याच हंगामात राणीसाहेब इथे हवापालटाला उतरल्या. त्यांना स्वतःचं चित्र हवं होतं, पण साधं नाही; पुराणातली पहाटेची देवी म्हणून, एक हात उंच करून रात्रीचा पडदा बाजूला सारणारी. चेहरा काढून होईपर्यंत त्या बसल्या आणि निघून गेल्या. मोठ्या घरच्या चित्रांत अशीच पद्धत असे. चेहरा मालकिणीचा, आणि उरलेल्या अंगासाठी उभं राहायला दुसरं कोणीतरी. मामाने बहिणीला उभं केलं.

हात सारखा खाली यायचा. चित्रकार वैतागायचा. शेवटी त्याने पडद्याची दोरी काढून तिचं मनगट दिवाणखान्याच्या छतातल्या हुकाला बांधून टाकलं. देवीच्या हाताला दोरी कशी दाखवणार? त्याने तिचं सोन्याचं कडं केलं, वेढ्यावेढ्यांचं. पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतं ते हे कडंच. राजवाड्याला मात्र चित्र पसंत पडलं नाही. हात फार राबलेला वाटतो, असा निरोप आला आणि पाठोपाठ चित्रही. मामाने ते दिवाणखान्यात लावलं आणि राणीसाहेब स्वतः इथे अशा उभ्या होत्या, असं सांगायला सुरुवात केली. हळूहळू ते सांगायचं कामही आईकडेच आलं.

तिचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. तिचे केस मी विंचरायचे, वरच्या फळ्या मी आवरायचे. तिला कोणीतरी हवं म्हणून मी राहिले, असं मी स्वतःला सांगत असे. पाहुणे मागे ठेवून गेलेल्या कादंबऱ्या वाचून काढल्या. कित्येकांची शेवटची पानं नव्हती. त्याचीही सवय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चादरींच्या खोलीत सापडली. घड्या घालून झाल्या होत्या आणि त्या गठ्ठ्याला डोकं टेकून ती बसली होती. मला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मामा खूप रडला. खोटं नव्हतं ते. पण सुतक फिटायच्या आतच तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"चित्राचं प्रदर्शन ठरलंय. आमंत्रणं गेलीत. आता तूच सांग, ती सांगायची तसंच."

"मामा, मी इथून जाणार आहे."

"जा की. तुला कोणी बांधून ठेवलंय का? एवढा हंगाम पार पडू दे."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लहानपणापासून मी ते ऐकत आले होते, फक्त तेव्हा ते आईला उद्देशून असायचं.

"आणि खरं सांगितलं तर?"

"लोक राणी बघायला येतात गं. माझी बहीण बघायला कोण येणार?" त्याचा आवाज फाटला आणि तो निघून गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी दिवाणखाना भरला. उन्हाने रंग उडतात म्हणून सगळे पडदे ओढलेले होते. पहाटेच्या देवीवर दिव्यांचा झोत सोडला होता. बाहेर लख्ख दुपार, आत गुदमरायला होत होतं. चित्राच्या बरोबर वर तो हूक होता. त्याला आता काहीच टांगलेलं नव्हतं. मामा दाराला पाठ लावून उभा होता.

मी आईची वाक्यं तिच्याच क्रमाने म्हणत गेले. ती थांबायची तिथे थांबले. पुढे उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "राणीसाहेबांनी इतके दिवस हात वर धरला तरी कसा हो?"

हे कोणीतरी विचारतंच. आईचं उत्तर ठरलेलं होतं: "राजघराण्यातलं माणूस ते. दुखलं तरी सांगणार नाही." त्यावर लोक हसायचे. मामा आताच हसण्याच्या तयारीत होता.

"राजघराण्यातलं..." मी सुरुवात केली आणि चित्राकडे हात केला. डावा हात. माझा उजवा खांदा धडधाकट आहे, तरी मी डाव्याने दाखवत होते, कारण ती तसं दाखवायची.

मी तो हात खाली घेतला. उजवा उचलला, पार डोक्याच्या वर, देवीच्या मनगटापर्यंत.

"राणीसाहेबांनी नाही धरला," मी म्हणाले. दाराशी मामा हलला, पण मी बोलत राहिले. "चेहरा तेवढा त्यांचा आहे. हे कडं नाही, पडद्याची दोरी आहे. ती त्या वरच्या हुकाला बांधली होती. आणि हा हात माझ्या आईचा आहे."