जाडोबाचा डावा पाय

जाडोबा मला रोज मारायचा, आणि तरी दुकानात बसल्याबसल्या मला त्याचीच आठवण यायची. नवऱ्याला हे सांगायची सोय नव्हती.

जाडोबा म्हणजे व्हिडिओ गेममधला राक्षस. अंगभर चिलखत, हातात हातोडा, किल्ल्याच्या दारात ठाण मांडून उभा. त्याचं खरं नाव भलतंच लांबलचक आहे, हे मी ठेवलेलं. गेम आणला धाकट्या दिरांनी. वर म्हणाले, "वहिनी, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही." मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. सुरुवातीला तर पायरीवरचा टिचभर उंदीरही मला लोळवायचा. मी कंट्रोलर आपटला, गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग भावोजींनीच शिकवलं, "मरायचं आणि बघायचं, वहिनी. मदत मात्र कुणाची घ्यायची नाही. घेतलीत तर जिंकूनही हाती काही लागणार नाही." ते मला पटलं. मी मरत गेले आणि बघत गेले.

मी कपडे अल्टर करायच्या दुकानात काम करते. दिवसभर कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. शिवण दिसली नाही म्हणजे काम चांगलं, त्यामुळे कौतुक करायला कुणी थांबत नाही. जाडोबासमोर मात्र चूक माझी आणि टिकलेला प्रत्येक क्षणही माझाच. हळूहळू त्याच्यावर माझा जीवच जडला म्हणा ना. हातोडा बसला की मी किंचाळायचे, "मेल्या, थांब, बघतेच तुला!" त्यात काय मजा होती ते मलाच ठाऊक. त्याला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हातानं लोळवायचं, एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी एका जॅकेटला चेन बसवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोठा घाव घालण्याआधी जाडोबा डावा पाय मागे घेतो! तेवढ्यात आत घुसायचं. चेन वाकडी बसली, मालकीणबाई बोलल्या, मी ऐकलंच नाही. घरी आले ती चपला एकीकडे, पर्स एकीकडे. टीव्ही लावला.

दारात जाडोबा नव्हता. दार सताड उघडं, आणि ज्याला मी खेळवायचे तो माझा शिपाई आतल्या चौकात उभा.

नवरा चहा घेऊन आला, तोंडभर हसत. "सरप्राइज! दुपारी धाकट्याला बोलावलं. त्यानं मारला."

"का?"

"का म्हणजे? रोज किती रडतेस त्याच्यापायी! मला बघवेना."

"मी कधी रडले?"

"अगं, स्वयंपाकघरातून ऐकतो की मी रोज."

इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाला माझं रडणं आणि माझी मजा यातला फरक कळत नव्हता. आता मागेही जाता येत नव्हतं. झालं ते झालं, असाच हा गेम आहे. मी भावोजींना फोन लावला. नवऱ्याला कळलं नाही, एक वेळ ठीक. यांना तर कळत होतं.

"तुम्ही तरी नाही म्हणायचं, भावोजी."

"दादानं फारच गळ घातली, वहिनी. आणि सोपं आहे हो. तो डावा पाय मागे घेतो ना, तेवढ्यात..."

"मला माहीत होतं ते."

लहान मुलाची समजूत घालावी तसे ते म्हणाले, "हो हो, वहिनी. असणारच माहीत."

मी फोन ठेवला आणि पहिल्यापासून नवा डाव सुरू केला. टिचभर उंदीर एका फटक्यात मेला. पुढचेही पडत गेले. जाडोबापर्यंत मी पोहोचणार, त्याला मारणारसुद्धा. पण भावोजींनी युक्ती सांगितली म्हणून जमलं, असंच दोघे भाऊ म्हणणार; मला ते आधीच कळलं होतं, हे कुणाला पटणार नाही. जे माझं होतं ते यांनी प्रेमानं काढून घेतलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोंडातून आवाज मात्र फुटला नाही.

"बघ," स्वयंपाकघरातून नवरा खुशीत म्हणाला, "आज कशी शांतपणे खेळतेयस!"