भट्टीकाकांच्या बाजूने

मित्रांनो, मी एक जुना पोलादाचा तुकडा आहे, जेमतेम नखाएवढा. पण माझ्या आकारावर जाऊ नका. एकेकाळी मी पाण्याच्या पंपाच्या भक्कम शाफ्टचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, भाग होतो. कारखान्यातल्या भट्टीवरच्या काकांनी, आमच्या भट्टीकाकांनी, मला लालबुंद तापवले आणि तेलात बुडवले. तो चर्रर्र आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो! त्या क्षणी माझे जुने स्फटिक नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी सुईसारखे बारीक नवे स्फटिक आले. मग काकांनी मला हलकेच शेकून माझा ताठरपणा उतरवला.

पंपावर मी चार वर्षे इमानेइतबारे राबलो. कुणी कौतुक केले नाही. एके सकाळी मात्र शाफ्ट काडकन तुटला आणि सगळे खापर काकांच्या माथी फुटले.

"तुम्हीच जास्त तापवलंत," कारखान्याचे साहेब म्हणाले. जास्त तापले की तेलात जाण्याआधीचे ते जुने स्फटिक फुगतात आणि पोलाद ठिसूळ होते. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, मला तापवले त्या दिवसाचा कागद काढला, तर पेनातली शाई वाळल्याने तो कोराच!

"तीस वर्षं भट्टीपुढे काढली, साहेब. पण आता दाखवू काय तुम्हाला?" काका पुटपुटले. सोमवारपासून त्यांना भट्टीवरून काढणार होते. मला तोंड नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला कापून घेतले आणि घासून आरशासारखे चकचकीत केले. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या सुयाच दिसल्या. पण मित्रांनो, आमच्यात मोठी शिस्त असते. नवी सुई वाटेल तशी वाढत नाही, जुन्या स्फटिकाशी ठरलेला कोन राखूनच वाढते. ताईंनी हजारो सुयांच्या दिशा मोजल्या. एकाच स्फटिकाची लेकरे त्या एकत्र करत गेल्या, तशा जुन्या स्फटिकांच्या हद्दी पडद्यावर उमटल्या. ते स्फटिक चांगले बारीक होते, म्हणजे काकांनी जास्त तापवलेच नव्हते! तडा गेला होता शाफ्टच्या धारदार कोपऱ्यातून, तिथे सगळा ताण साचतो. तो गोल हवा, हे शाफ्टच्या आराखड्यात दाखवायचेच राहून गेले होते, आणि त्या आराखड्यावर सही साहेबांची होती.

"काका, चुकलं माझं," साहेब खाली बघत म्हणाले.

काका मटकन खुर्चीत बसले. "अहो, चार दिवसांत माझाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता," ते म्हणाले आणि डोळे पुसत हसले. माझाही जीव भांड्यात पडला.

आता मी ताईंच्या कपाटात एका डबीत असतो. दमट हवेत मला गंज चढतो, म्हणून मला बघून झाले की डबीचे झाकण नीट लावत जा. आणि मित्रांनो, मोडलेली वस्तू लगेच भंगारात टाकू नका. कुणाचा तरी जीव तिच्यात अडकलेला असतो.