दुसरा आवाज

काही घरांत बाईपुढे नवऱ्याचं तोंड उघडत नाही. या घरात बाईशिवाय उघडत नसे. तो नाटकात काम करणारा नट आणि ती त्याच मंडळीची प्रॉम्प्टर. विंगेतल्या अंधारात संहिता मांडीवर घेऊन ती बसायची, हा अडखळला की पुढचा शब्द हळूच सोडायची आणि टाळ्या अर्थातच हा घ्यायचा. आता तर दुकानात साबण मागतानासुद्धा त्याला ती शेजारी लागे.

दोघांचा मुक्काम दिराच्या घरी, आतल्या बोळात, वॉशिंग मशीनला लागून. मशीन फिरू लागलं की पलंगही प्रवासाला निघायचा. त्यात जावेच्या वडिलांचं कायमचं राहायला यायचं ठरलं आणि जाऊ अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमचं घराचं बघताय ना काहीतरी?" गोड आवाजातलं जास्त झोंबतं.

मग तिला फोनवर, भाड्याच्या घरांच्या ॲपवर, एक घर दिसलं. दोन छोट्या खोल्या आणि पूर्वेला ही भलीमोठी खिडकी! अर्धा जन्म अंधारात काढलेल्या बाईला आणखी काय हवं? ती त्या खिडकीच्या प्रेमातच पडली.

पण मध्ये ते ॲप उभं होतं, आणि ते खाष्ट सासूच्या वरताण. फोटो दिला तर मोठा झाला, लहान केला तर अस्पष्ट झाला. व्यवसायांच्या यादीत दंतवैद्य होता, पाणबुड्या होता, नट नव्हता. बिचारा 'इतर'मध्ये जाऊन बसला. मदतीच्या नंबरावर फोन केला तर ॲपवर विचारा म्हणाले. ॲपवर विचारलं तर तोच नंबर मिळाला.

शेवटची पायरी व्हिडिओची. पडद्यावर एक वाक्य दिसायचं, रेकॉर्डिंग सुरू झालं की गायब व्हायचं, आणि अर्जदाराने ते कॅमेऱ्यात बघून म्हणायचं. प्रत्येक प्रयत्न घरमालकांना पाठवला जाईल, असंही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचतंय कोण!

नटाने केस सारखे केले, छाती काढली. "मी, अर्जदार, ही माहिती स्वखुशीने आणि..."

"कोणाच्याही मदतीशिवाय," ती कुजबुजली.

"कोणाच्याही मदतीशिवाय देत आहे!"

पडदा लाल झाला. 'दुसरा आवाज आढळला. प्रयत्न बाद.'

"अगं, कशाला बोललीस?"

"अहो, तुम्ही थांबलात ना!"

दुसऱ्या खेपेला ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून, भांडी घासता घासता, नेमक्या जागी शब्द सोडला. जित्याची खोड! तिसऱ्या खेपेला तिने तोंडात टॉवेल कोंबला. तो "स्वखुशीने"वर अडला, तिच्याकडे वळून डोळे विस्फारले, टॉवेलमधून "मम्मम्म" आलं आणि ॲपने तेही ओळखलं. दोघं हसून हसून पलंगावर कोसळली. मग पडद्यावर आलं, 'शेवटचा प्रयत्न', आणि तिचं हसू एकदम विरलं. खिडकी हातची जाणार होती.

ती उठून बाहेर जिन्यावर गेली, दार ओढून घेतलं, कान दाराला लावला आणि ओढणीचा बोळा तोंडावर दाबून धरला.

"मी, अर्जदार, ही माहिती स्वखुशीने आणि..."

तो अडलाच. शब्द तिच्या जिभेच्या टोकावर नाचत होता. तिने तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला.

"पुढचं मला येत नाही," आतून आवाज आला. "माझं पुढचं नेहमी तीच सांगते. अंधारात बसून. लोकांना वाटतं मीच बोलतो. तुमच्या घराला मोठी खिडकी आहे म्हणे. तिला एकदा उजेडात बसलेली बघायचंय मला. बास."

जिन्यात ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. आत फोन म्हणाला, 'वाक्य जुळत नाही. अर्ज बंद.'

"पाठांतर नाही ते नाहीच!" असं म्हणत ती आत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. जाऊ बघतेय याचीही पर्वा केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. नटाने स्पीकर लावला.

"मी घरमालकीण," पलीकडे म्हातारा, खणखणीत आवाज. "सकाळपासून तुमचे व्हिडिओ येताहेत माझ्याकडे. बाकीचे अर्जदार पोपटासारखे बोलतात, एक चुकत नाही. तुमचा टॉवेलवाला मी शेजारणीला बोलावून परत लावला. त्या ॲपचं मरू दे. घर बघायला कधी येता?"

नटाने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे बघितलं.

"आत्ता," ती कुजबुजली.

"आत्ता!" तो गरजला.

"बाईंचं आधीच ऐकू आलं मला," घरमालकीण म्हणाली. "या दोघंही. खिडकीचे पडदे काढून ठेवते."