चिंच होती तिथून

माझ्यावर आडवं झालेलं माणूस बोलायच्या अवस्थेत नसतं, आणि मला उचलणाऱ्यांना बोलायला सवड नसते. म्हणून इतकी वर्षं मीही तोंड मिटून होतो. आता जुनं काम सुटलं आहे, तेव्हा बोलतो. मी एक स्ट्रेचर. ॲल्युमिनियमचे दोन दांडे, चार ठेंगणे पाय आणि मध्ये ताणलेलं जाड कापड, एवढाच माझा संसार.

निकाराग्वा देशातलं हे मानाग्वा शहर भूकंपात भुईसपाट झालं, त्यानंतर मदतीच्या खोक्यांतून मी बोटीने इथे आलो. माझ्याआधी आमच्या वस्तीत आजारी माणसाला झोळीत घालून, झोळी दांड्याला टांगून दोघं जण नेत. नाहीतर घराचं दार उखडून त्यावर. मोटार एकच होती, तीही मयताची, काळी. मालक भला माणूस, आजाऱ्यांनाही फुकट पोचवायचा. पण त्या गाडीत कुणी बसेल तर शपथ! "आधी मरू तरी द्या हो," म्हणत लोक पाय ओढत दवाखाना गाठायचे.

मग वस्तीतल्या लोकांनीच पथक उभं केलं. वर्गणीतून जुनी गाडी घेतली, पांढरी रंगवली. पहिली काही वर्षं आमचं शास्त्र एकच होतं, उचला आणि पळा. वाटेत माणूस गेला तर देवाची मर्जी. पुढे मंडळी रक्त थांबवायला शिकली, छाती दाबायला शिकली, मोडलेला पाय बांधायला शिकली. सराव माझ्यावरच चालायचा. धडधाकट बाप्ये माझ्यावर पडून कण्हायचे आणि मध्येच फिदीफिदी हसायचे. नंतर ऑक्सिजनची टाकी आली, शेवटी वायरलेस आला. वायरलेसबरोबर डोन्या असुसेना आली. डोन्या म्हणजे मानाने 'बाई'.

पथकाच्या खोलीत तिच्या खुर्चीमागच्या भिंतीला मी टेकलेला असायचो. फोन घेणं, पत्ता विचारणं आणि तो वायरलेसवरून गाडीला सांगणं, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, असले तरी कुणाच्या लक्षात नाहीत. पत्ता खुणेवरून सांगायचा. अमक्यापासून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर. वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे. त्यात निम्म्या खुणा भूकंपात गेलेल्या. सिनेमागृह गेलं, पावाची भट्टी गेली, कोपऱ्यावरची मोठी चिंच गेली. पत्ते मात्र जागचे हलले नाहीत. भूकंपानंतर वीस वर्षांनी जन्मलेली पोरंही आपलं घर त्या चिंचेपासूनच सांगतात.

म्हणून डोन्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. समोरचा कितीही रडो, ओरडो, ती शांतपणे विचारायची, "आहे तिथून, की होतं तिथून?"

त्या एका प्रश्नावर किती माणसं वाचली, याची गणती मी ठेवली नाही.

आमचा चालक एवेनोर तिला चिडवायचा. "डोन्या, या शहरात जिवंत खुणांपेक्षा मेलेल्यांनाच भाव जास्त!"

"तोंड कमी चालव, गाडी चालव," ती म्हणायची.

तिचा नवरा डॉन फिलेमोन शिंपी होता. माझं कापड दोनदा फाटलं, दोन्ही वेळा त्यानेच शिडाचं कापड लावून मला धड केलं. डोन्या शेजारी उभी राहून सूचना द्यायची, "अहो, दुहेरी शिवण घाला."

"दुहेरीच घालतोय बाई. उद्या मलाच झोपायची वेळ आली तर?"

"जळली मेली ती जीभ! काहीतरी अभद्र बोलू नका."

तो हसला आणि दोरा दाताने तोडला. त्याच्या बोटांची ऊब मला अजून आठवते.

मग शहरभरासाठी एक मोठं केंद्र झालं. सगळे फोन तिथे, समोर पडदा, पडद्यावर नकाशा. मी त्या केंद्राला नावं ठेवणार नाही. जिथे आमची गाडी कधी पोचली नसती अशा वस्त्यांत त्यांनी गाड्या पोचवल्या. गाडीत चाकांचं नवं स्ट्रेचर आलं. अरुंद बोळांसाठी मला बाजूच्या कप्प्यात ठेवलं. डोन्याच्या खोलीला मात्र कुलूप लागलं. केंद्राचा एक साहेब वही घेऊन तिच्या घरी आला. जुन्या खुणा लिहून द्या म्हणाला. हे एवेनोरनेच गाडीत सांगितलं.

तिने वही परत केली. "तीस वर्षं डोक्यात आहे, वहीत काय मावणार? अडलं तर येतील विचारायला."

कुणी आलं नाही. मानी माणूस होती. तीही गेली नाही.

एका रविवारी दुपारी केंद्रातून एवेनोरला निरोप आला. "पुरुष, वय अडुसष्ट, छातीत कळ. चिंचेपासून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक वर." नाव नाही. निरोपात नाव सांगायची पद्धत नव्हती.

एवेनोरने गाडी सुरू केली आणि विचारलं, "ताई, आहे ती चिंच की होती ती?"

"म्हणजे?" पलीकडची मुलगी गोंधळली. "नकाशावर एकच चिंच आहे, बाजारापाशी. तिथूनच मोजा."

"अहो, पण इथले लोक..."

"मनाने पत्ता बदलल्याबद्दल तुम्हाला मागच्या महिन्यात लेखी ताकीद मिळालीय ना? कृपा करून सांगितलेल्या ठिकाणी जा."

एवेनोरचा हात स्टीअरिंगवर क्षणभर थांबला. त्याला डावीकडे, पडलेल्या चिंचेकडे वळायचं होतं, हे मला माहीत आहे. मलाही वळायचं होतं. पण मला पाय आहेत ते नुसते टेकण्यापुरते. गाडी उजवीकडे वळली.

बाजारापाशी दोन चौक तळ्याकडे गेलो, अर्धा चौक वर गेलो. तिथे लोखंडाचं दुकान, रविवारचं बंद. एवेनोर दारं ठोठावत फिरला. तेवढ्यात पुन्हा निरोप आला, त्या घरून दुसरा फोन आला होता, बाई ओरडत होती, गाडी कुठे मेली? या वेळी त्या मुलीने नाव सांगितलं. असुसेना.

एवेनोरने गाडी गर्रकन फिरवली. पडलेल्या चिंचेपासून मोजत आम्ही तिच्या घराशी पोचलो तेव्हा सतरा मिनिटं वाया गेली होती. बोळ अरुंद होता, चाकांचं स्ट्रेचर वळेना. मला काढलं. फिलेमोन माझ्यावर आला, स्वतःच घातलेल्या शिवणीवर. शिवण तसूभर उसवली नाही. जीव मात्र दवाखान्याच्या दारात गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

डोन्या भिंतीला टेकून बसली होती. एवेनोर तिच्या पायाशी बसला आणि हुंदके देत म्हणाला, "मला ठाऊक होतं डोन्या. ठाऊक असून वळलो नाही."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी 'चिंचेपासून' एवढंच सांगितलं रे. तीस वर्षं ज्याला त्याला विचारलं, आणि स्वतःच्या माणसाच्या वेळी मलाच सुचलं नाही. ती वही लिहून दिली असती, तर त्या पोरीने तरी विचारलं असतं."

त्या पोरीला तिने बोल लावला नाही, एवेनोरलाही नाही. मला वाटतं, लावला असता तर तिचा भार थोडा हलका झाला असता.

पुढे मला मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा डोन्याने मला मागून घेतलं. कापड सोडवलं, घडी घालून कपाटात ठेवलं. दांडे कापून एवेनोरने पडलेल्या चिंचेच्या जागी जमिनीत रोवले. मध्ये डोन्याने चिंचेचं रोप लावलं.

"आता दोन चिंचा झाल्या, डोन्या. घोळ वाढला की!" एवेनोर म्हणाला.

"वाढू दे. इथे येणाऱ्याला काहीतरी उभं दिसेल."

मग ती वही मागायला केंद्रात गेली. रोज सकाळी रोपाला पाणी घालते, माझ्याशेजारी स्टूल टाकून बसते आणि लिहिते. आतापर्यंत दोन वह्या भरल्या आहेत.

आता मी रोपाचं कुंपण आहे. बकऱ्या हाकलणं हेच माझं काम. परवा समोर पोळ्या थापायला बसणारी बाई फोनवर कुणाला आपलं घर सांगत होती, "स्ट्रेचरपासून अर्धा चौक खाली." ऐकून मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. झाड वाढेल, बुंधा जाड होईल, आणि एक दिवस मला उपटून भंगारात टाकतील. टाकू देत. पण ही माणसं त्यानंतरही पन्नास वर्षं पत्ता माझ्यापासूनच सांगतील. तेव्हा फोन उचलणाऱ्या बाळा, पलीकडची बाई कितीही ओरडू दे, तेवढं एक तिला विचार. आहे तिथून, की होतं तिथून?